मुठीतली दोरी

मी भित्रा माणूस, हे आधीच सांगून टाकतो. कोर्टाची पायरी आयुष्यात एकदाच चढलो, तीही एका वीतभर दोरीपायी.

मुळशीच्या धरणावर मी सुतार होतो. राहायला एका खोलीचं क्वार्टर, घरी पोटुशी बायको. आमचे मोठे साहेब गोल्फ खेळायचे. काठी हातात फिरायची आणि चेंडू भलतीकडेच जायचा, म्हणून ते वैतागलेले. मी काठीच्या मुठीच्या कातड्याखाली मागच्या अंगाला एक सरळ दोरी बसवून दिली. बोटांना ती लागली की काठीचं तोंड कुठं आहे ते न बघता कळायचं. साहेब इतके खूश, की त्यांनी स्वतःच्या नावावर तिचं पेटंट काढलं. मला त्यांचा जुना कोट मिळाला, आणि मी येडा तो मिरवत हिंडलो.

पुढं मुंबईच्या एका कारखान्यानं तशाच मुठी विकायला काढल्या. साहेबांनी दावा लावला. कारखानेवाले म्हणाले, यात शोध कसला, हे कुठल्याही कारागिराला सुचेल. तसं ठरलं तर पेटंट रद्द. साहेबांच्या वकिलानं मला साक्षीसाठी पढवलं, "साहेबांनी सांगितलं तसं केलं, असलं काही आधी पाहिलं नव्हतं, एवढंच बोलायचं."

साहेब हळूच म्हणाले, "मिस्त्री, क्वार्टर बरं आहे ना?"

मी मान हलवली आणि पढवलेलं घोकत बसलो.

पुण्याच्या कोर्टात माझी पाळी आली. पढवलेलं एका दमात बोलून टाकलं. मग समोरचे वकील उठले. हे आता अंगावर येणार म्हणून मी अंग चोरून उभा. तर ते मूठ हातात घेऊन हसले.

"वा मिस्त्री, काय सुबक काम आहे! फार डोकं चालवावं लागलं असेल?"

आपल्या कामाची बढाई मारली की हातातली पटाशी घसरून बोटावर येते, असं वडिलांनी मला लहानपणापासून बजावलेलं. कुणी वाखाणलं की काम हलकं करून सांगायचं, ही आम्हा सुतारांच्या जिभेची सवयच.

"त्यात काय हाय सायेब," मी म्हणालो, "आमच्याकडं कोयत्याच्या मुठीला खाच असतीच की. पावसात हात बधिर झाला तरी पातं कुटं हाय ते कळतंय. कुनालाबी सुचंल."

वकील "बस्स" म्हणाले आणि खाली बसले. कोर्टात कुणीतरी हसलं. मी साहेबांकडे पाहिलं आणि मग उमगलं, आपण काय बोलून बसलो ते.

येताना साहेबांनी जीपमध्ये मागं बसवलं. पौडला जीप थांबली.

"इथून एस.टी. मिळेल," ते म्हणाले.

घरी पोचलो तर बायकोनं खीर करून ठेवलेली.

"सायेब खूश हायेत न्हवं आपल्यावर?"

"व्हय," मी म्हणालो, आणि तिच्याकडे पाठ करून हत्यारं पोत्यात भरू लागलो.