बालीच्या बॅगेतल्या गोळ्या

एवढी वर्षं पोलिसात नोकरी केली, खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका पासपोर्टाची चोरी माझ्या डोक्यातून जात नाही. नावं सांगत नाही. ती माणसं इथंच राहतात.

सौंदडकडचे एक निवृत्त गुरुजी ठाण्यात आले. पोरीनं आईबापाला बाली बेट दाखवायला तिकिटं काढली होती. निघायची वेळ आली आणि कपाटातून गुरुजींचा पासपोर्ट गायब. संशय घरी भांडी घासणाऱ्या बाईवर. तसं ते गल्लीत सगळ्यांसमोर बोलूनही बसले होते. बाकीच्या घरांनी तिला लगेच कामावरून काढलं.

महिला शिपायासमोर मी तिची विचारपूस केली. ती रडली नाही. म्हणाली, "मले कायले पाह्यजे जी तो? मी तं गोंदियाच्या पुढं गेली नाही."

मला एकच गोष्ट खटकत होती. गुरुजींच्या बायकोचा पासपोर्ट त्यालाच लागून ठेवला होता. तो चोरानं कसा सोडला?

पंचनाम्याला घरी गेलो. बॅगा भरून तयार. मी कधी विमानात बसलो नाही, लोकं काय काय नेतात ते पाहावं म्हणून बॅगा खोलायला लावल्या. गुरुजींच्या बायकोनं हौसेनं एकेक दाखवलं. तिकडच्या भिंतीत बसेल असा प्लग, परतीचं तिकीट, हॉटेलचा कागद. दोघांच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवल्यात म्हणाली, मोठी बॅग वाटेत हरवली तर उपाशी राहता येतं, गोळीशिवाय नाही. पण पिशवीत एकट्या तिच्याच गोळ्या निघाल्या. गुरुजींचं अख्खं पाकीट खाटेजवळच्या कोनाड्यात परत गेलेलं. आमच्या घरीही गोळ्यांचा कारभार बायकोकडेच होता, म्हणून माझी नजर तिथं गेली. आता ती नाही. माझ्या गोळ्या राहून जातात.

गुरुजींना अंगणात घेतलं. म्हटलं, "गुरुजी, जाणारा माणूस गोळ्या काढून ठेवत नाही. पासपोर्ट कुठं आहे?"

ते आत गेले. मग धानाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून काढून दिला. तिकिटवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो, पण पासपोर्टाची मुदत सहा महिने तरी उरलेली पाहिजे. यांची तेवढी नव्हती. सगळे कागद मी तपासले, असं घरात छाती ठोकून सांगितलेलं. मग चूक कबूल करायची लाज.

बायको म्हणाली, "तुम्ही राहा घरी. मी जाऊन राहिली पोरीसंगं." आणि गेली.

खोट्या फिर्यादीचा गुन्हा होतो, हे मी गुरुजींना समजावलं. ते म्हणाले, बाईला साडी देऊ, मिटवून टाका. म्हटलं, तिलाच विचारा.

ती म्हणाली, "साडी राहू द्या जी. चोर गल्लीत म्हटलं ना? नाही म्हणून भी गल्लीतच सांगा."

सकाळी नळावर गर्दी असताना गुरुजींनी हात जोडून सांगितलं. दुपारपर्यंत तिची कामं परत आली.

तेव्हापासून संशयावरून आणलेला माणूस निर्दोष निघाला, की मी त्याला नुसतं जा म्हणत नव्हतो. वर्दीत, दिवसाउजेडी त्याच्या दारापर्यंत जायचो आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचो, यानं काही केलं नाही.