फोटो उघडला की अडणारं मशीन

कावेरीचं आणि माझं दुकान एका भिंतीला भिंत लागून. इकडं माझा फोटो स्टुडिओ, मधे तिचं कॉम्प्युटर सेंटर आणि पलीकडे तिच्या चुलत्यांचं, चन्नप्पांचं, भुसार दुकान. बीडच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, त्या गल्लीत सकाळपासून सरकीच्या पेंडीचा वास भरलेला असायचा आणि त्या वासातच आमचा सगळा आधुनिक धंदा चालायचा.

ती वर्षंच तशी होती. 'कॉम्प्युटराइज्ड' हा शब्द चष्मेवाल्याच्या, सोनाराच्या, अगदी ज्योतिष्याच्या पाटीवर चढला होता. आत मशीन असो वा नसो. कावेरीकडे मात्र खरीखुरी मशीनं होती. लातूरला शिकून आली आणि घरचे स्थळं बघायला लागायच्या आत तिनं चुलत्यांकडून पेंडीची कोठी मागून घेतली, चुना मारला आणि पाटी लावली. तिला दबकून बोलताना मी कधी ऐकलं नाही. बँकेचा साहेब असो की लाइनमन, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ही उत्तर देऊन मोकळी. पोरीनं एवढं तडातडा बोलू नये, असं मोंढ्याचं मत होतं. जिला काम येतं तिनं कशाला दबावं, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

लिंगायत समाजाची वधू-वर सूची दरवर्षी पुस्तकात छापून यायची. मी जीव तोडून काढलेले फोटो त्यात असे उमटायचे की नवरी कोणती आणि तिची आत्या कोणती हे कळू नये. कावेरीनं समाजाच्या बैठकीत उठून सांगितलं, की यंदा सूची कॉम्प्युटरवर. चन्नप्पा समाजाचे अध्यक्ष. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पुतणीच्या हौसेला त्यांनी मान हलवली.

तिनं केलेली व्यवस्था अशी. एका मशीनच्या पोटात सगळी माहिती, त्याला ती वेब सर्व्हर म्हणायची. खोलीतली बाकीची मशीनं तारांनी त्याला जोडलेली. खेड्यातून आलेल्या माणसानं कुठल्याही मशीनपुढं बसावं, नावावर टिचकी मारावी, की सर्व्हरकडून मुलीचं गाव, शिक्षण आणि फोटो पडद्यावर येणार. नेकनूरचे म्हातारे धोतर सावरून खुर्चीवर बसायचे आणि माउसला हात लावायच्या आधी नमस्कार करायचे.

दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं. त्यानंतर दुखणं सुरू झालं. नांदूरघाटच्या शिवानीच्या नावावर टिचकी मारली की गाव यायचं, शिक्षण यायचं, आणि फोटोच्या जागी चौकट तशीच रिकामी. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण तेवढ्यात खोलीतली सगळी मशीनं थिजायची. बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय हलायची नाहीत. आणखी काही मुलींच्या फोटोंवरही असंच व्हायचं. पण शिवानी डी.एड. झालेली, दिसायला नीटस, त्यामुळे तिचंच नाव जास्त उघडलं जायचं आणि अडायचंही तिच्याच नावावर.

आमच्या लोकांना विजेचं बिल वाचता येत नाही, पण अपशकुन मात्र लांबून वाचता येतो. नांदूरघाटच्या पोरीचं नाव काढलं की मशीन मरतं, हे बघता बघता केजपर्यंत पोचलं. परळीचं एक चांगलं स्थळ बोलणी करता करता गप्प झालं. मला त्या लोकांचा असा संताप आला होता, की भेटले असते तर तोंडावर बोललो असतो.

एके दिवशी शिवानीची आई, शांतादेवी, लेकीला घेऊन सेंटरमध्ये आली. आप्पाही तिथंच होते.

"कावेरी, हिचं नाव काढून टाक बाई," शांतादेवी म्हणाली. "लोक काय काय बोलायलेत. घराबाहेर पडायची सोय न्हाई राहिली."

"काढून टाक," आप्पा म्हणाले. "एकीपायी सगळ्यांचं कामून अडवायचं? वधू-वर मेळावा तोंडावर आलाय."

"नाव काढलं तर लोक म्हणतेत ते आपणच खरं केलं, आप्पा," कावेरी म्हणाली. "मशीन बिघडलंय. मी नीट करते. नाव तिथंच राहील."

"आन मेळाव्यात अडलं तर?"

"न्हाई अडणार."

"अडलं तर मग मी सांगीन तसं करायचं," आप्पा म्हणाले आणि दुकानाकडं गेले.

शिवानी तोपर्यंत खाली मान घालून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "माझ्याच फोटोला का होतंय, ताई?"

"अजून माहीत न्हाई," कावेरी म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. पण त्यातल्या 'अजून'वर तिनं असा जोर दिला, की मला धीर आला.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली आणि मी माझं दुकान सोडून तिच्याकडं बसलो. फोटो माझे होते. उद्या बोट माझ्याकडंही वळलं असतं. तिनं आधी तारा बदलल्या. फरक नाही. मग तारा बाजूला ठेवून खुद्द सर्व्हरवरच फोटो उघडला. तरी अडलं. म्हणजे तारांचा दोष नाही. पानं पुरवणारा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. अडलं. मग तो प्रोग्राम बंदच केला आणि फोटोची नुसती नक्कल फ्लॉपीवर घ्यायला गेली. तीसुद्धा अडली.

"सुग्रीवकाका, इकडं या. कान लावा," ती म्हणाली.

मी सर्व्हरच्या डब्याला कान लावला. आतून बारीक टक, टक आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा यायचा.

"शिवानीच्या फोटोची निगेटिव्ह हाय का?"

मी लगेच नवा फोटो करून आणला. तिनं तो स्कॅन करून दुसऱ्या नावानं त्याच मशीनमध्ये ठेवला आणि टिचकी मारली. डोळ्याची पापणी लवायच्या आत शिवानी पडद्यावर हजर.

"पोरगी चांगली, फोटो चांगला," कावेरी म्हणाली. "फोटो ठेवलाय ती जागा खराब हाय."

मग तिनं अडणारे सगळे फोटो शोधले. सगळे दिवाळीच्या बाजाराला आलेल्या घरांचे निघाले. कपडे घ्यायला बीडला यायचं आणि जाता जाता माझ्याकडे मुलीचा फोटो काढायचा, ही खेड्यांची रीत. ते फोटो तिनं एकाच बैठकीत मशीनमध्ये भरले होते, त्यामुळे आतल्या डिस्कवर ते शेजारी शेजारी पडले होते.

"त्यानंतर लगेच ह्या डब्याला मार बसलाय," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. दोघांनाही एकदमच आठवलं.

आप्पा दर लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या वजनाच्या लोखंडी काट्यावर नारळ फोडायचे. त्या वर्षी पुतणीच्या दुकानातही मानानं आले. हिच्याकडं काटा कुठला? मग हिचा काटा म्हणजे हाच डबा, असं त्यांनी ठरवलं. कावेरी मशीन बंद करायला गेली तर म्हणाले, "चालू असू दे. बंद दुकानात लक्ष्मी पाऊल ठेवीत न्हाई." डब्याला हळदकुंकू लावलं आणि कोपऱ्यावर असा नारळ हाणला, की एका घावात दोन भकलं. सगळ्यांनी कौतुक केलं. खोबरं मीही खाल्लं होतं.

डब्याच्या आत डिस्कची तबकडी गरागरा फिरत असते आणि तिच्यावर केसाएवढं अंतर राखून वाचणारी सुई असते, हे कावेरीनं मला तेव्हा समजावलं. नारळाच्या दणक्यानं सुई तबकडीवर आपटली. जिथं आपटली तिथलं आता वाचता येत नव्हतं. मशीन बिचारं वाचायचा प्रयत्न सोडत नव्हतं आणि तोवर बाकीच्या सगळ्यांना ताटकळत ठेवत होतं.

"औरंगाबादहून नवी डिस्क आण आणि गुपचूप बदलून टाक," मी म्हणालो. "आप्पांना कशाला दुखवायचं?"

"मशीन नीट होईल, काका. शिवानीचं कसं होईल? तिचं नाव सगळ्यांदेखत खराब झालंय."



थोड्या वेळानं कावेरी एकदम ताठ बसली. त्याच बैठकीत तिनं आणखी एक फोटो भरला होता. समाजाच्या पदाधिकाऱ्यांचं पान आजवर कुणी उघडायच्या भानगडीत पडलं नव्हतं. तिनं ते उघडलं. अध्यक्ष, चन्नप्पा, भुसार व्यापारी. पुढं रिकामी चौकट. आतून टक, टक. कावेरी खुर्चीत मागं रेलून खळखळून हसली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मंगल कार्यालयात समाजाची मंडळी जमली. कावेरीनं शांतादेवीला आणि शिवानीला मुद्दाम बोलावून पुढं बसवलं होतं. नव्या डिस्कचं मशीन लावून तिनं शिवानीचा फोटो उघडला. लगेच आला. मागून कुणीतरी म्हणालं, "हे नवं हाय. जुन्यावर दाखव की."

"जुनंही आणलंय," ती म्हणाली. ते सुरू केलं आणि अध्यक्षांच्या नावावर टिचकी मारली. चौकट रिकामी आणि पडदा थिजलेला.

कार्यालयात कुजबूज झाली. कावेरीनं आवाज चढवला नाही. डिस्क कशी असते, तिला मार कसा बसला, लक्ष्मीपूजनाला काय झालं, सगळं सरळ सांगितलं. मग चुलत्यांकडं वळून म्हणाली, "आप्पा, तुमच्याही नावावर मशीन अडतंय. आता सांगा, काय करू?"

आप्पा उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. मोंढ्यात उभा जन्म गेला, पण चार माणसांत असा प्रश्न त्यांना कुणी केला नसेल.

"नारळ मीच फोडलता," ते म्हणाले. "काढून टाक माझं नाव."

कावेरी काही बोलायच्या आत शिवानी उभी राहिली.

"नगा काढू, ताई," ती म्हणाली. "आप्पांचा फोटो नव्यानं घाला. नाव काढा म्हणलं की घरच्यांना लई लागतं."

 आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते शांतादेवीसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले.