आय, झेड, मोठा एल

"काका, हे काय झालंय?"

शबानाने लॅपटॉप माझ्या काउंटरवर ठेवला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मी चष्मा लावला. पानभर इंग्रजी अक्षरं होती, पण इंग्रजी नव्हतं. मध्येच सेमीकोलन, मध्येच कंस, मध्येच मोठा एल. कुणीतरी अक्षरांची पिशवी पानावर उपडी केल्यासारखं.

"कुठली फाइल ही?"

"सगळ्या अशाच आहेत. मराठी साहित्याच्या सगळ्या नोट्स."

"बाकीचं?"

"पीडीएफ उघडतात. फोटो उघडतात. फक्त नोट्स गेल्या."

मेन्सला एकोणीस दिवस होते. मेन्स म्हणजे सनदी सेवेची लेखी परीक्षा. त्यात एक विषय आपल्या पसंतीचा घेता येतो. तिने मराठी साहित्य घेतलं होतं. आणि त्या लॅपटॉपमध्ये चारच दिवसांपूर्वी नवीन एसएसडी मी बसवली होती.

माझं दुकान दिल्लीत, मुनिरक्यात. एका जिन्याखाली, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. घर मयूर विहारला, तेही स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं. मुनिरक्यात भाड्याच्या खोल्यांतून परीक्षेची तयारी करणारी पोरं राहतात. त्यांतली मराठी पोरं माझ्याकडे येतात, कारण इथे "काका" म्हणता येतं.

आता लॅपटॉपचं सांगतो. शबानाचा लॅपटॉप सात वर्षांचा होता. चालू केला की चहा करून यावं इतका वेळ घ्यायचा. अशा जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यात गोल तबकडी फिरते आणि सुईसारखं टोक तिच्यावरून माहिती वाचतं. एसएसडीत फिरणारं काही नसतं, सगळा मामला चिपचा. म्हणून ती झटपट चालते. लॅपटॉपच्या कंपनीकडे गेलात तर ते म्हणतात, हे मॉडेल जुनं झालं, नवीन घ्या. मग आमच्यासारखे लोक दुसऱ्या कंपनीची एसएसडी आणून बसवतात. याला थर्ड पार्टी म्हणतात. कंपनीवाले हा शब्द असा उच्चारतात, की जणू आम्ही खिसेकापू.

मला तो शब्द झोंबतो, त्याला कारण आहे. गुडगावात नवी ऑफिसं उभी राहत होती तेव्हा मी एका ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरमध्ये होतो. पाठीवर मॉनिटर वाहण्यापासून सुरुवात करून मेकॅनिक झालेलो. एकदा एका बड्या कस्टमरचा डेटा गेला. मॅनेजरने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. कस्टमरसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इसी ने किया होगा।" मी त्या दिवशी रजेवर होतो. नोकरी गेली. तेव्हापासून "डेटा गेला" हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

शबानाच्या कामात मी काय केलं होतं? आधी क्लोन करायला घेतलं. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची विंडोज, सॉफ्टवेअर, सगळ्यासकट जशीच्या तशी नक्कल. पण डिस्क जागोजागी खराब झाली होती. नक्कल अर्ध्यात अडकायची. मग एसएसडीवर कोरं विंडोज टाकलं आणि फाइली तेवढ्या उचलून ठेवल्या. किती गेल्या, किती आल्या, आकार जुळतो का, सगळं पाहिलं. जुळलं. दोन-चार पीडीएफ उघडून बघितल्या. मराठी फाइल एकही उघडली नाही.

आणि जुनी डिस्क? आमच्या धंद्याचा नियम आहे की जुनी डिस्क महिनाभर पाकिटात ठेवायची. मी ती ठेवली नाही. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गुलाटी नावाचा व्यापारी आहे, एसएसडी त्याच्याकडची. भाव करताना तो अडून बसला, तेव्हा मी म्हणालो होतो, "पुरानी डिस्क भी तू रख ले, पर रेट तोड़।" रेट तुटला. काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी डिस्क वरवर फॉरमॅट करून (फाइली दिसत नाहीत, पण खटपट केली तर परत काढता येतात) मी त्याला नेऊन दिली आणि जिंकल्यासारखा परत आलो.

आता शबाना समोर उभी होती आणि जुनी डिस्क गुलाटीकडे होती.

"दुसरीकडे कॉपी आहे?" मी विचारलं.

"नाही. बीए झाल्यावर मी वर्षभर घरी होते. मी बोलायचे, अब्बा टाइप करायचे. याच लॅपटॉपवर. निघताना हाच मला दिला."

"अब्बा काय करतात?"

"विट्याला छापखाना आहे. लग्नपत्रिका वगैरे."

"त्यांना फोन कर."

"नको काका!" ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "वर्षभर दुकान सांभाळून टाइप केलंय त्यांनी. त्यांना नका सांगू. आधी तुम्ही बघा ना."

मलाही बरंच वाटलं. अजून एका माणसासमोर "डेटा गेला" म्हणावं लागणार नव्हतं.

माझा संशय सरळ गुलाटीवर गेला. बाजारात बनावट एसएसडी येतात. लेबलवर एक आकडा आणि आत त्याच्या निम्मी जागा. जागा संपली की ती आधीच्या माहितीवरच नवी माहिती लिहीत सुटते. सगळं वरून ठीक दिसतं, आत खिचडी. हीच ती खिचडी, असं मी ठरवून टाकलं. दुकानाचं शटर ओढलं आणि नेहरू प्लेस गाठलं.

"गुलाटी, नकली माल दिया तूने।"

"पहले बैठो शिंदे जी। चाय?"

"चाय गई भाड़ में। मेरी पुरानी डिस्क निकाल।"

"वो तो लॉट में गई। कबाड़ी ले गया।"

"झूठ बोलता है।"

"पैकेट सील था या नहीं? ब्लेड से आपने काटा, मेरे सामने। सीरियल नंबर तीन बार मिलाया। तीन बार! मैंने गिना था।"

हे खरं होतं. मी प्रत्येक पाकिटाचं सील स्वतः कापतो. तरी माझ्या तोंडातून निघालं, "तेरे जैसे चोरों के यहाँ सील भी नकली मिलती है।"

गुलाटी खाली वाकून पाकिटं लावायला लागला. शेजारच्या दुकानातून कुणीतरी हसत म्हणालं, "मराठा साब फिर गरम हो गए।" मी काउंटरवर हात आपटला, आणखी दोन शब्द सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि हात हलवत परत आलो.

दुसऱ्या दिवशी शबाना पुन्हा हजर. मी ड्राइव्हची टेस्ट लावली. मोकळी जागा पूर्ण भरायची आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून बघायचं. ड्राइव्ह बनावट असेल तर इथे उघडी पडते. खरं तर ही टेस्ट बसवण्याआधीच करायला हवी होती. अख्खी दुपार गेली. शबाना स्टुलावर बसून कुणाच्या तरी झेरॉक्स नोट्स वाचत होती. पान उलटत नव्हती.

टेस्ट पास. एक चूक नाही.

"म्हणजे एसएसडी खरी आहे?" तिने विचारलं.

"टेस्टही फसू शकते," मी म्हणालो.

"मग टेस्ट कशाला केली काका?"

मी दुसऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा टेस्ट केली. पुन्हा पास. असा तिसरा दिवस गेला. ड्राइव्ह ठीक, मग दोष कुठला? एकच जागा उरली. मी फाइली उचलल्या तेव्हाच जुन्या खराब डिस्कवरून कचरा आला असणार. म्हणजे चूक माझी. तिथल्या तिथे मराठी फाइल उघडून बघितली असती तर जुनी डिस्क अजून माझ्या हातात असती.

चौथ्या दिवशी मी शबानाला म्हणालो, "अब्बांचा नंबर दे."

"काका, तुम्ही म्हणाला होतात..."

"मी काही म्हणालो नव्हतो, तू म्हणाली होतीस. माझ्या हातून झालंय, मीच सांगतो. तुला बोलणार नाहीत."

तिने फोन काढला. मग नंबर लावून माझ्याकडे दिला.

"मुजावर साहेब, मी दिल्लीहून शिंदे. तुमच्या मुलीच्या लॅपटॉपचं काम मी केलं." मग मी सगळं सांगितलं. खराब डिस्क, कोरं विंडोज, अक्षरांची खिचडी. जुनी डिस्क विकून बसलो, तेही सांगितलं. बोलताना उभाच होतो.

पलीकडे छपाईचं यंत्र खडखडत होतं. ते थांबलं.

"फाइल उघडते का साहेब?"

"उघडते."

"परिच्छेद जागच्या जागी आहेत?"

मी बघितलं. होते. चार दिवसांत हे मी एकदाही बघितलं नव्हतं. बिघडलेली फाइल परिच्छेद सांभाळत नाही.

"आहेत."

"पहिला शब्द वाचा. एकेक अक्षर."

"आय. झेड. मोठा एल. आर. के. ओ. यू. के."

"प्रस्तावना," मुजावर म्हणाले.

मला वाटलं, ते अंदाजाने बोलताहेत. "पुढची ओळ वाचतो. छोटा एल, के, एफ, जी, मोठा आर, सेमीकोलन."

"साहित्य. तो सेमीकोलन म्हणजे य." मग ते हसायला लागले. "अहो, तुम्ही फॉन्ट टाकला नाही! मी टाइपरायटरवरचा माणूस. छापखान्यात आमचा जुना फॉन्ट चालतो. आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. वर खिडकीत नाव असेल बघा."

मी बघितलं. पानाच्या वर, फॉन्टचं नाव दिसतं त्या छोट्या खिडकीत, चार दिवसांपासून ते नाव लिहिलेलं होतं. क्लोन झालं असतं तर फॉन्ट आपोआप आला असता. कोऱ्या विंडोजमध्ये तो नव्हता. दिल्लीच्या कुठल्याही मेकॅनिकला कळलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी दिल्लीचा मेकॅनिक नाही. शबानाएवढा होतो तेव्हा मी स्वतः मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती.

"शबाना आहे का तिथं?" मुजावरांनी विचारलं. मी फोन तिच्याकडे दिला.

"चार दिवस लपवलंस होय गं?" फोन तिच्या कानाला होता तरी मला ऐकू आलं. "आधी विचारायचंस की. इथल्या पोरांना हे रोजचं आहे." ती नुसती मान हलवत राहिली, जणू फोनवरून ते त्यांना दिसत होतं.

मेलवर फॉन्ट आला. एवढीशी फाइल. टाकली. फाइल बंद करून पुन्हा उघडली. प्रस्तावना. एकेक फाइल उघडून शबानाने माझ्यासमोर तपासली. मी कंटाळलो तरी थांबवलं नाही. मग तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि म्हणाली, "काका, त्या गुलाटींना सॉरी म्हणा."

"त्याला कशाला? तो काय साधू आहे?"

तरी दुसऱ्या दिवशी गेलो. गुलाटी मान वर न करता पाकिटं लावत होता.

"माल ठीक निकला," मी म्हणालो.

"मालूम है।"

"गलती मेरी थी। फॉन्ट का चक्कर था।"

त्याने खालचा खण ओढला आणि एक डिस्क काउंटरवर ठेवली. तिच्यावर कागद चिकटवला होता: शिंदे, एक महीना.

"तूने तो कहा कबाड़ी ले गया!"

"आप गाली दे रहे थे। गाली पर मैं कुछ नहीं देता।" त्याने खण बंद केला. "सबका माल उसी दिन निकल जाता है। आपका महीना भर रखता हूँ। पता रहता है, आप लौटोगे।"

जो नियम मी मोडला तो हा पाळत होता, आणि तोही माझ्यावर विश्वास नाही म्हणून. मी डिस्क हातात घेतली. खिशातून नंबर टिपलेली चिठ्ठी काढली आणि सीरियल नंबर ताडून बघितला.

"मिल गया?" गुलाटीने विचारलं.

"मिल गया।"

"अब चाय?"

चहा घेतला. घेताना तो गुडगावचा मॅनेजर आठवला. त्यानेही बोट दाखवण्याआधी स्क्रीन बघितली नव्हती. म्हणून त्याला मी माफ केलंय असं नाही.

शबानाचं त्या वर्षी झालं नाही, पुढच्या वर्षी झालं. मराठीच्या पेपरात चांगले मार्क होते. आता माझ्या काउंटरवर एक पाटी आहे: जी फाइल गेली तर रडाल, ती आधी माझ्यासमोर उघडा. पोरं हसतात, पण उघडतात.

माल अजून गुलाटीकडूनच घेतो. सील अजून मीच कापतो.