वांकिडीतले शवासन

चंद्रपूरहून निघालेली बस राजुरा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरली, तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शेजारी हेन्ड्रिक हा डच डॉक्टर बसला होता. योगासनांनी भारतीय शरीर युरोपीय शरीरापेक्षा लवकर शांत होते आणि याचे कारण वंश, असे त्याचे म्हणणे. ते सिद्ध झाले तरच विद्यापीठातली त्याची नोकरी टिकणार होती. मी बातमीदार, शिवाय दुभाषा.

वांकिडीत शाळेच्या गुरुजींकडे उतरलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी. हेन्ड्रिकने ठेचा भाजीसारखा खाल्ला आणि मग तो अर्धा तांब्या पाणी प्याला.

संध्याकाळी कापूस वेचणीहून परतलेल्या बाया हेन्ड्रिकच्या प्रयोगासाठी शाळेच्या ओसरीवर शवासनात पडल्या. हेन्ड्रिक एकेकीची नाडी पाहू लागला.

"हा काऊन हात धरून राह्यला वं?" त्यांतल्या पारबताबाईंनी विचारले.

"कासार असन. बांगड्या भरते!" शेजारीण म्हणाली.

हसू ओसरले आणि थोड्याच वेळात ओसरी घोरू लागली. नाड्या चांगल्याच मंदावल्या होत्या. मग हेन्ड्रिक स्वतः आडवा झाला. त्याची नाडी जवळपास तशीच राहिली. पुरावा मिळाला, असे तो आनंदाने म्हणाला. जाग्या झालेल्या पारबताबाईंना मी ते मराठीत सांगितले.

"रगताचं काय घेऊन बसला? उद्या आमच्यासंगं ये म्हना, मंग निजवा त्याले!"

दुसऱ्या दिवशी हेन्ड्रिकने कमरेला ओटी (कापसाची झोळी) बांधली. बोंडांच्या टोकांनी बोटे ओरबाडली, पाठ आखडली, तरी तो सूर्य मावळेपर्यंत वाकून होता. संध्याकाळी त्याच ओसरीवर त्याला निजवले. गुरुजींनी घड्याळ धरून नाडी पाहिली. ती बायांइतकीच उतरली होती. मोजणी संपण्याआधी तो झोपला.

"आला हा बी आपल्या जातीत!" पारबताबाई म्हणाल्या. गुरुजी खळखळून हसले.

परतीच्या बसमध्ये हेन्ड्रिकने सांगितले, की बाया दिवसभर काय करून आल्या होत्या, हे त्याने विचारलेच नव्हते. आता तो निष्कर्ष मांडता येणार नाही.

"आणि नोकरी?"

"जाईल बहुतेक. पण वर्षभरात अशी झोप लागली नव्हती."

राजुऱ्याच्या आधीच त्याचा पुन्हा डोळा लागला. वृत्तांतात मी वंशाविषयी काही लिहिले नाही. वेचणीचा तो दिवस मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण दिला.