नानांची शटल

धरणगाव सोडून गाडी अमळनेरकडे निघाली की मध्ये एक स्टेशन लागतं, ते आमचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही. शटल कोणी आणली यावरून आमच्याकडे अजून वाद होतात आणि या वयात मला कोणाच्या तोंडी लागायचं नाही. व्यापारी संघ म्हणतो आम्ही आणली, पुढारी म्हणतात आम्ही आणली. ती झुलाल नानांनी आणली. माझं भांड्यांचं दुकान आणि नानांचं ब्लाऊजपीस-अस्तराचं दुकान एका भिंतीला लागून होतं, तेव्हा मला कोणी काही शिकवू नये.

आमचं गाव बस्त्याचं. लग्न ठरलं की आसपासच्या खेड्यांतली माणसं नवरा-नवरीचे कपडे, मानपानाच्या साड्या, टोप्या, उपरणी घ्यायला आमच्याकडे येतात. एक बस्ता म्हणजे दहा-पंधरा बाया, दोन म्हातारे आणि दिवसभराची घासाघीस. कापड झालं की तीच मंडळी भांड्यांकडे वळते, म्हणून माझाही चरितार्थ त्यावरच. पण ऐंशीच्या सुमाराला नरडाण्याकडचं गिऱ्हाईक आम्हाला मिळत नव्हतं. तिकडून येणारी पॅसेंजर आमच्याकडे पोचायची अंधारात आणि तिकडे जाणारी निघायची भर दुपारी, बाजार ऐन रंगात असताना. मग तिकडच्या बाया एसटीत बसून सरळ धुळ्याला जायच्या. आम्ही हात चोळत बसायचो.

नानांना गिऱ्हाइकाची एवढी हाव नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी, लता, नरडाण्याला दिलेली होती. लताच्या लग्नानंतर दोन वर्षांत तिची आई सुंदरबाई गेली. घरात नाना एकटे राहिले. सकाळी स्वतःच भाकरी टाकायचे, तीच दुपारी दुकानात खायचे, तीच उरली तर रात्री. मी कधी जेवायला बोलावलं तर येत, पण ताटावर बसल्यावर गप्प होत. बायकोमुलांच्या गलक्यात माणूस जेवतो कसा, हेच विसरल्यासारखं त्यांचं होई. मला ते बघवत नसे, म्हणून मीही पुढे पुढे बोलावणं कमी केलं.

वर्षातून त्यांचं घर एकदाच भरायचं, आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचा कोणीतरी मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो, सासूसासऱ्यांना सांगून-विचारून घेऊन येतो. लताला भाऊ नव्हता, म्हणून मुऱ्हाळी नानाच. त्यात नानांचा एक हट्ट. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही जुन्या लोकांची रीत. बाकीच्यांनी कधीच सोडली होती. मी तर माझ्या मुलीकडे दोन-दोन वेळा जेवतो आणि वर सुपारी मागतो. नाना सोडायला तयार नव्हते. सुंदरबाईनं पाळली, मग मी कशी मोडू, म्हणायचे.

या हट्टापायी त्यांचे हाल व्हायचे. दुपारच्या गाडीनं निघून नरडाण्याला पोचायचं, फिरकीच्या तांब्यातलं स्वतःचं पाणी पीत विहिणीशी दोन शब्द बोलायचं आणि मुक्कामाला परत स्टेशनावर येऊन बाकड्यावर आडवं व्हायचं. रात्री पॅसेंजर आली की जावईबापू लताला आणून सोडायचे आणि बापलेक डोळे चोळत गाडीत चढायचे. एवढा खटाटोप करून आणलेली पोर लगेच परत कोण पाठवणार? तिची सासू धुरपदाबाई स्वतःच सांगून टाकायची की आता गेलीच आहेस तर पंधरा दिवस राहून ये. त्या पंधरा दिवसांत नाना दुकान उघडायला दहा वाजवायचे. भिंतीपलीकडून मला त्यांच्या गुणगुणण्याचा आवाज यायचा. मी मुद्दाम ओरडायचो, "नाना, सूर चुकना." ते आणखी मोठ्यानं म्हणायचे.

मग पंधरा दिवस संपायचे आणि भिंतीपलीकडे पुन्हा सामसूम व्हायची. आखाजीनंतरच्या उन्हात ते दुकानात बसलेले असत आणि समोरून बाई गेली तरी त्यांचं लक्ष नसे. वर्षभरातून पंधरा दिवस, यात त्यांचा जीव भागत नव्हता. त्यांच्या मनानं एकच हिशोब केला. गाडी सोयीची झाली तर लता आखाजीला येईल, दिवाळीला येईल, बाजाराच्या निमित्तानंही येईल. आपल्यालाही स्टेशनावर रात्र काढावी लागणार नाही. हे मी पुढे ओळखलं; तेव्हा कळलं असतं तरी मला त्यात काही चूक दिसली नसती.

व्यापारी संघात शटलची मागणी आधीपासून होती, पण आमच्या संघाची मागणी म्हणजे चहा पिण्यापुरती. नानांनी ती अंगावर घेतली. पहाटे जळगावहून निघावी, आमच्या गावावरून नरडाण्याला जावी, तिथून उलट फिरून बाजाराच्या वेळेला आमच्याकडे यावी आणि सांजच्याला लोकांना घेऊन पुन्हा नरडाण्याला जावी, असं ते कोणालाही धरून समजावून सांगायचे. बस्त्याला आलेल्या बायांचे अर्जावर अंगठे घेतले. रेल्वेचे साहेब जळगावला येणार असं कळलं की दुकानाला कुलूप लावून जळगाव गाठायचे. एकदा एका साहेबाला तर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत गाठलं आणि हातातला घास खाली ठेवायला लावला. आम्ही त्यांची टिंगल करायचो. आज गाडी आली का नाना, असं रोज कोणीतरी विचारायचं. ते हसून सोडून द्यायचे. हे सगळं बाजारासाठी आहे, असंच ते सगळ्यांना सांगायचे. लताचं नाव त्यांनी त्यात कधी आणलं नाही. पोरीसाठी गाडी मागतो म्हटलं तर लोक हसले असते, मीही हसलो असतो.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला शटल मंजूर झाली. पहिल्या दिवशी इंजिनाला केळीचे खांब बांधले, पुढाऱ्यांनी झेंडी दाखवली, भाषणं झाली. नाना मागे उभे होते. मी त्यांना ओढून पुढे आणलं आणि एका पुढाऱ्याच्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. पुढाऱ्याला राग आला, तो आजतागायत गेलेला नाही. नाना मात्र त्या दिवशी फार खूश होते. हार घालूनच घरी गेले.

गाडीनं गावाचं सोनं केलं. नरडाणा, बेटावद, पाडसे, सगळीकडच्या बाया धुळं सोडून आमच्याकडे वळल्या. बाजाराच्या दिवशी शटल आली की स्टेशनापासून पेठेपर्यंत नुसते पदर आणि पिशव्या. मी दुकान मागे वाढवलं. समोरच्या कापडवाल्यानं माडी चढवली. सगळ्यांचं भलं झालं आणि सगळे म्हणू लागले की गाडी आपणच आणली.

पुढच्या आखाजीला नाना मुऱ्हाळी म्हणून निघाले. नवं धोतर, नवी टोपी. पहाटेच्या शटलनं गेले. लताला घेऊन उलट गाडीनं येतो, असं मला सांगून गेले. मी स्टेशनावर चहा सांगून ठेवला. शटल आली. नाना आले आणि पाठोपाठ लता आली. तिच्या हातात एक लहानशी कापडी पिशवी होती. माहेरी राहायला येणारी पोर एवढंसं सामान आणत नाही, हे माझ्यासारख्या भांडी विकणाऱ्यालाही कळतं.

काय झालं ते नानांनी नंतर सांगितलं. ते दारात पोचले तेव्हा लता तयारच होती. धुरपदाबाई गोठ्यात होती. बाई वाईट नाही, हे मी आधी सांगतो. तिचे गुडघे गेलेले, घरी दोन म्हशी, कपाशीचं शेत, आणि सून एकच. तिनं नानांना बसायला घोंगडी टाकली आणि सरळ सांगितलं, "याहीबा, आते मुऱ्हायी कसाले? गाडी दारमा शे. सकायले जाई, सांजले धार काढाले परत येई." आणि वर असंही म्हणाली की पूर्वी यायला-जायला त्रास होता म्हणून पंधरा दिवस धाडत होतो, आता पाहिजे तेव्हा भेटा, रोज भेटा.

बाईचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. गाडी दारात होती, आणि ती कोणी आणली होती हे तिलाही माहीत होतं. तिनं नानांचे आभारच मानले.

त्या दिवशी लतानं आल्या आल्या चूल पेटवली. घर झाडलं, नानांचे कपडे धुतले, पुरण घातलं, आईच्या फोटोला हार घातला. शेजारच्या पोरी झोक्यावर बोलवायला आल्या, तर ती पिठाच्या हातांनी दारात येऊन नंतर येते म्हणाली. नंतर म्हणजे कधी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. जेवणं झाली, भांडी झाली आणि शटलची वेळ झाली. नाना तिला स्टेशनावर सोडून आले आणि तडक दुकानात येऊन बसले. आखाजीच्या दिवशी आमच्याकडे कोणी दुकान उघडत नाही. मी बघायला गेलो तर अंधारात बसले होते. मी दिवा लावला. ते म्हणाले राहू द्या, तोताराम भाऊ.

त्यानंतर तसंच सुरू झालं. लता वर्षातून पाच-सहा वेळा येऊ लागली, हे खरं. पण येणं म्हणजे काय, तर दोन गाड्यांच्या मधलं येणं. कधी विहिणीनं सामानाची यादी दिलेली असायची आणि अर्धा वेळ बाजारातच जायचा. बापलेक बोलत असले तरी नानांचं लक्ष घड्याळाकडे. रात्री घरात दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू येतो, ते सुख त्यांचं कायमचं गेलं. आधी निदान वर्षभर वाट बघायला पंधरा दिवस होते. मी एकदा सुचवलं, संघातर्फे सांजची गाडी तासभर पुढे ढकलायची मागणी करू, बाजारालाही बरंच आहे. नानांनी हात जोडले. आता काही मागू नका म्हणाले. मागितलेलं मिळतं, याची त्या माणसाला भीती बसली होती.

एकच गोष्ट त्यांच्या बाजूची होती. आमची लाईन एकेरी. समोरून मालगाडी आली की शटल धरणगावला अडकून पडायची. तसं झालं की स्टेशनावर बाया कावायच्या, पोरं रडायची, लोक नानांना बघून म्हणायचे, काय नाना, हीच का तुमची गाडी. नाना ऐकून घ्यायचे. लता त्या दिवशी आलेली असली तर त्यांचा चेहरा निराळाच व्हायचा. सगळा प्लॅटफॉर्म गाडी येवो म्हणून रुळांकडे बघत असे आणि ज्यानं ती गाडी आणली तो माणूस एकटाच ती न येवो म्हणत असे.

अशाच एका सांजेला मी तिथं होतो. मला नरडाण्याला हळदीला जायचं होतं. गाडी बरीच उशिरा आहे, असं स्टेशनमास्तरांनी सांगितलं. मी बापलेकींच्या शेजारच्या बाकड्यावर बसलो. लता दिवसभर राबलेली दिसत होती. बोलता बोलता तिनं मध्येच विचारलं, "नाना, हाई गाडी तुम्ही कसाले आनी?"

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. थकलेलं माणूस काहीही विचारतं, तसं विचारलं. मी दुसरीकडे बघू लागलो. मला वाटलं, आता तरी हा माणूस खरं सांगेल.

"गावना बजारसाठे, माय," नाना म्हणाले.

ती बरं म्हणाली. थोड्या वेळानं तिची मान कलली. नानांनी तिला आपल्या खांद्याशी घेतलं, मग हळूच मांडीवर डोकं ठेवू दिलं. सासुरवाशिणीला माहेरात आधी काय हवं असेल तर झोप. कोणी हाक मारणार नाही, अशी झोप. शटल सुरू झाल्यापासून ती पोर बापाच्या घरी एकदाही झोपली नव्हती. ती आत्ता झोपली, प्लॅटफॉर्मवर, एवढ्या गलक्यात, तोंड उघडं टाकून. नानांनी उपरण्यानं तिच्यावरच्या माश्या हाकल्या. एक बाई मोठ्यानं बोलत होती, तिला हातानं खुणावून गप्प केलं. मांडीला मुंग्या आल्या असतील, पण ते हलले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं.

मग घंटा झाली. लोक पिशव्या उचलू लागले. लांब इंजिनाचा दिवा दिसला. लता हलली नाही. मी नानांकडे बघितलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते. राहू दे तिला, जाऊ दे गाडी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण नरडाण्याला दोन म्हशी होत्या आणि गुडघे धरून बसलेली एक म्हातारी होती. गाडी प्लॅटफॉर्मला लागली. लोक चढू लागले. नानांनी तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि खाली वाकून स्वतःच म्हणाले, "ऊठ माय, गाडी उनी."