कापडात शिवलेली पॅडं

माझी थोरली लेक पोलीस भरतीसाठी पळत होती आणि तिच्या नडग्या दुखत होत्या. सकाळी पिंगळीच्या रस्त्याने पळून आली की ओसरीवर बसून पाय दाबत राहायची. दुखणं असंच राहिलं असतं तर यंदा तिला मैदानात उतरता आलं नसतं.

परभणीच्या डॉक्टरांनी तळवे पाहिले. तळव्याला खोलगटपणाच नाही, पळताना पाय आत कलतो आणि नडगीवर ताण येतो, असं ते म्हणाले. मधे उंचवटा असलेल्या पॅडांचे दोन जोड दिले. एक बुटात, दुसरा घरातल्या चपलेत. घरातही अनवाणी फिरायचं नाही.

बुटाचं जमलं. पण आमच्यात पायतान उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाई तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतात, ती जागा स्वयंपाकघरातच आहे. दुसरा जोड पिशवीतच राहिला. लेक दिवसभर अनवाणी वावरायची आणि दुखणं काही हटेना.

"आई, आजीला तू बोल ना."

सासूबाईंपुढे माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तरी भाकरी थापता थापता बोलले. मान वर केली नाही.

"आत्याबाई, डॉक्टर म्हणले, घरात बी पायात घालायचं."

"चप्पल? चुलीपशी?"

"चप्पल न्हाई. नुस्तं हे."

त्यांनी पॅड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वास घेतला.

"चामडं हाय का?"

"न्हाई."

"रस्त्यावर गेलंय का?"

"न्हाई, कोरं हाय."

"मग हे पायतान कशाचं? कापडात शीव, मोज्यासारखं. तोंड शिवून बसलीस इतके दिवस!"

जुन्या लुगड्याचे दोन मोजे शिवले, आत पॅडं बसवली. लेक ते घालून घरभर फिरू लागली. हळूहळू नडग्यांचं ठणकणं कमी झालं. भरतीच्या दिवशी मी मैदानाच्या जाळीला धरून उभी होते. ती पळून आली, वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला. नडग्यांना हात लावला नाही. तेव्हा कुठे माझी जाळीवरची बोटं सुटली.

निकाल अजून लागायचा आहे. घरी आलो तर सासूबाई दारातच.

"पळाली का?"

"पळाली. काई दुखलं न्हाई."

"बरं झालं बाई." मग हळूच म्हणाल्या, "आता माझ्या पायाचं बी माप घे. टाच लय ठणकायलीय कवापासून."

"मग बोलला न्हाईत ते?"

"तू तरी कुठं बोलतीस?"