जुना पार्ट दाखवा

माझा धाकटा भाऊ पुंजाराम मुकुंदवाडीत तीस वर्षांपासून स्कूटरी दुरुस्त करतो. त्याचा सख्ख्या बहिणीवर विश्वास नाय, तर डॉक्टरवर कुठून बसणार? उजव्या जांघेत गाठ येऊन दुखायला लागली, सोनोग्राफीत हर्निया निघाला, तरी हा म्हणं, "मशीनवाल्याचं कमिशन असतंय." शेवटी मीच त्याला दामटून दवाखान्यात नेलं.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हर्नियाच्या पिशवीत तुमचं अपेंडिक्स उतरलं होतं. असं फार क्वचित होतं, आणि बहुतेकदा ऑपरेशन करतानाच कळतं. ते सुजलं होतं, म्हणून काढलं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून जाळी न बसवता नुसते टाके घातले."

पुंजारामनं डोळे बारीक केले. "एका कामाला आलो, दोन कशी निघाली? जुना पार्ट दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र तपासणीला पाठवायची बरणी शांतपणे त्याच्यासमोर धरली. आत बोटाएवढं सुजलेलं अपेंडिक्स होतं.

"हे माझंच कशावरून?"

तिथं माझं डोकं फिरलं. याच्या गॅरेजच्या ड्रॉवरात एक झिजलेली क्लच प्लेट आहे. गिऱ्हाइकानं जुना पार्ट मागितला की हा तीच काढून दाखवतो. वीस वर्षं झाली, सगळ्यांना तीच.

"पुंज्या," मी म्हणलं, "बरणीवर तुझं नाव लिहिलंय, वाच. तुझ्या त्या प्लेटवर कुणाकुणाचं लिहू?"